सहा प्लग आणि एक विशेषण

मराठी समीक्षेत ‘यांत्रिक’ हे विशेषण जितक्या सहजपणे वापरले जाते तितक्या सहजपणे दुसरे क्वचितच वापरले जात असेल. कवितेची रचना बेतलेली वाटली की ती यांत्रिक. कादंबरीतली पात्रे लेखकाच्या सोयीने हलू लागली की ती यांत्रिक. शब्दाला शब्द ठेवून झालेला अनुवाद तर यांत्रिक असतोच. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासताना आम्हां मास्तरांच्या लाल शाईतून हा शब्द पाझरत असतो. त्याचा अर्थ विचारावा, तर जिवंतपणा नसलेले, विचारावाचून होणारे, एकदा किल्ली दिली की आपोआप चालणारे असे काहीतरी उत्तर येते. यंत्राशी ज्यांचा संबंध बटण दाबण्यापुरताच आला त्यांनी हा अर्थ घडवला असावा, असा संशय आम्हांला बरेच दिवस होता. गेल्या वर्षी दिवाळीनंतर, धानाची कापणी चालू असताना, भंडारा जिल्ह्यात साकोलीजवळच्या एका गॅरेजात जुन्या ट्रकचे प्लग निघताना आम्ही दोन दिवस बसून पाहिले. त्या दोन दिवसांविषयी लिहावे असे वाटले ते या विशेषणामुळे.

आधी प्लग म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण वाङ्मयाच्या अभ्यासकाने तो पाहिलेला असतोच असे नाही. पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि ते पेटवण्यासाठी नेमक्या क्षणी एक ठिणगी लागते. ती देणारी, चिनी मातीचा गळा आणि पोलादी कंबर असलेली बोटभर लांबीची वस्तू म्हणजे प्लग. बॅटरीच्या काही व्होल्टांचे कॉइलमधून पंधरा-वीस हजार व्होल्ट होतात आणि प्लगच्या टोकाशी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असलेली फट ओलांडतात. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लग सेकंदाला वीस ठिणग्या देतो. १९०२ च्या सुमारास जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड या अभियंत्याने उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा प्लग सिद्ध केला, आणि मोटारीचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. आपल्याकडे १९५१ साली बंगळुरात ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’ निघाली. तिचे लघुरूप ‘मायको’ खेड्यापाड्यांत इतके रुजले, की २००८ साली कंपनीने नाव बदलून ‘बॉश’ केले तरी गॅरेजवाले ‘मायकोचा प्लग’ म्हणणे सोडायला तयार नव्हते.

पण ट्रक आणि प्लग ही जोडी आजच्या वाचकाला विजोड वाटेल. साकोलीवरून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर (आता त्याचा क्रमांक ५३ आहे, लोकांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’च) रात्रंदिवस जे ट्रक धावतात त्यांतल्या बहुतेकांना प्लग नसतोच. ते डिझेलवर चालतात, आणि डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. ठिणगीची गरजच नाही. १९५४ साली टाटांनी डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बनवायला घेतले, तेव्हापासून आपल्या रस्त्यांवरची पेट्रोलची शेव्हर्ले, डॉज, फोर्ड ही पिढी हळूहळू मावळत गेली. अलीकडे सीएनजीचे ट्रक आले आणि त्यांच्याबरोबर प्लगही परतला, हा इतिहासाचा एक मजेदार वळसा. मधल्या काळात मालवाहू पेट्रोल गाडी टिकून राहिली ती मुख्यतः लष्करात. जबलपूरला जपानच्या निसान कंपनीच्या परवान्याने बनलेली एक टन भार वाहणारी गाडी, सहा सिलिंडरांची, जवळजवळ चार लिटरच्या पेट्रोल इंजिनाची, कित्येक दशके सैन्याने वापरली. तिच्याच नात्यातली ‘जोंगा’ अनेकांना ठाऊक असते. हा ट्रक तितका कोणाला आठवत नाही. लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्यांचा लिलाव होतो, त्यांना ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणतात, आणि जबलपूर इथून काही फार दूर नाही.

अशीच डिस्पोजलची निसान आमच्या मामाजींनी पंचवीसेक वर्षांपूर्वी घेतली. धानाची पोती, बांबू, विहिरीवरचे पंप, एकदा गावातल्या नाटकमंडळीचे सगळे पडदे आणि पेट्या, असे सर्व काही त्या गाडीने वाहिले. (झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम धान निघाल्यावर सुरू होतो, त्यामुळे एकाच गाडीला आठवड्यात पोती आणि पुढच्या आठवड्यात राजवाडा वाहावा लागतो.) पेट्रोलचा भाव वाढत गेला तशी ती अंगणात उभी राहू लागली. शेवटचे तीन पावसाळे तर ती हललीच नव्हती. इथला पावसाळा म्हणजे तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाणी. कबाडीवाला दोनदा येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला होता. मामाजींचे म्हणणे एवढेच, की गाडी विकायची तर चालती विकू, लोखंड म्हणून नको. चालू करून पाहिली तर ती खोकत, धक्के देत चालली. मिस्त्रीच्या भाषेत ‘मिसिंग मारत’ होती.

मिस्त्री साठीच्या पुढचे. त्यांनी आधी काहीच उघडले नाही. इंजिन मंद चालू ठेवून रबर चढवलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर उचलली आणि कान दिला. वायर काढल्यावर आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात फरकच पडला नाही तर तो आधीपासून मेलेला. दुसरा आणि पाचवा मेलेले निघाले, तिसरा अर्धामुर्धा, पहिला, चौथा आणि सहावा चालू. एखाद्या वाक्यातला शब्द गाळून पाहावा आणि अर्थ ढळतो का ते तपासावे, तसाच हा प्रकार. मग इंजिन बंद करून ते म्हणाले, “आता थंड होऊ द्या. आज निस्तं तेल सोडू. काढाचं उद्या.”

कारण प्लग जाम होते. प्लगच्या पोलादी कमरेवर आटे असतात (गॅरेजात त्यांना चुडी म्हणतात) आणि त्या आट्यांनी तो इंजिनाच्या हेडमध्ये बसलेला असतो. वरून पावसाचे पाणी खोबणीत साचून गंज चढतो, खालून जळालेल्या पेट्रोलची काजळी आट्यांत भरून दगडासारखी घट्ट होते, आणि मागे कोणी अननुभवी हाताने गरजेपेक्षा जास्त आवळलेला असला तर विचारायलाच नको. जोर लावला तर दोन गोष्टी होतात. एक तर प्लग कमरेत तुटतो आणि खालचा तुकडा हेडमध्ये अडकून राहतो, किंवा तो निघतो पण हेडचे आटे सोबत घेऊन निघतो. दोन्हींत हेड उतरवावे लागते. या गाडीचे गॅस्केट आता सहज मिळत नाही, आणि हेड उतरलेली गाडी कबाडीवाल्याची झालीच म्हणून समजावे. मामाजी दोन दिवस खाटेवर बसून होते आणि फारसे बोलत नव्हते ते यासाठी.

अशा प्लगला आपण ‘हट्टी’ म्हणू. आम्ही म्हटलेही. मिस्त्रींनी तो शब्द एकदाही वापरला नाही. ते म्हणत, “हेडनं धरला हाये त्याले.” हा फरक आम्हांला महत्त्वाचा वाटला. हट्टी म्हटले की दोष प्लगच्या स्वभावात जातो आणि मग त्याचा हट्ट मोडण्याची भाषा येते. धरला म्हटले की दोन वस्तूंमधला संबंध दिसतो, आणि जे धरले आहे ते सोडवता येते. मराठीत गंज धरतो, झाड मूळ धरते, माणसे अबोला धरतात. या सगळ्या धरण्यांना वेळ लागलेला असतो, आणि सोडवायलाही तो द्यावा लागतो. मिस्त्री काही भाषाविचार करत नव्हते, हे कबूल. पण त्यांच्या हाताची रीत त्या क्रियापदातून निघाली होती, की क्रियापद हातातून, हे आम्हांला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टायरला हवा भरायच्या नळीने प्रत्येक खोबणीतली माती उडवली गेली, कारण प्लग निघताना एक खडा सिलिंडरात पडला तर पिस्टन आणि भिंत दोन्ही खरवडतात. मग गोटीपाना प्लगवर सरळ उभा बसवला. तिरका बसला तर चिनी मातीचा गळा मोडतो. आणि मग जे झाले त्याने आम्ही चकित झालो: सोडवायच्या प्लगला मिस्त्रींनी आधी आवळले. अगदी किंचित, मनगटाच्या एका श्वासाइतके. “उलटा फिरवाच्या अगोदर सुलटा हलवून पाहा लागते जी. त्यानं गंज फुटते.” मग उलट पाव फेरा. आट्यांतून कुरकुर ऐकू आली की थांबायचे, दोन थेंब तेल, पुन्हा थोडा आत, पुन्हा थोडा बाहेर. निघण्याच्या दिशेने जितके जायचे त्याच्या निम्मे मागे यायचे. मोकळ्या चुडीचा आवाज वेगळा, कोरड्या चुडीचा वेगळा, आणि तुटायच्या आधी पोलाद जे नरम पडते, रबर पिळल्यासारखे, त्याला आवाजच नसतो. ते फक्त हाताला कळते. तो नरमपणा लागला की पाना सोडून द्यायचा. पहिला प्लग निघायला चाळीस मिनिटे लागली. चौथ्याचा चिनी मातीचा गळा मोडलाच, पण कंबर शाबूत राहिली आणि तो बाहेर आला.

या सगळ्यात ‘आपोआप’ असे काय होते? एकही फेरा आधीच्या फेऱ्यासारखा नव्हता. पाचही प्लग एकाच कारखान्याचे, एकाच मापाचे, आणि पाचांना पाच तऱ्हांनी वागवावे लागले. यंत्राचे भाग एकसारखे असतात ते कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत. नंतर प्रत्येकाचा पावसाळा वेगळा.

निघालेले प्लग मिस्त्रींनी क्रमाने एका पाटावर मांडले, टोके वर करून. आणि ते वाचू लागले. हा शब्द आमचा नाही, त्यांचा. “प्लग वाचता आला पाह्यजे.” पहिल्याचे आणि चौथ्याचे टोक फिक्या तपकिरी रंगाचे, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे; म्हणजे तिथे जळण ठीक चालले होते. दुसऱ्यावर कोरडी काळी काजळी. तिसऱ्यावर तीच, पण कमी, आणि टोक झिजून फट रुंद झालेली. पाचवा तेलकट, ओला. आम्ही विचारले, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जाते, मग कार्बोरेटर बिघडला आहे का? मिस्त्रींनी मान हलवली. कार्बोरेटर एकच आहे आणि तो साऱ्यांना पाजतो. त्याचा दोष असता तर सगळेच काळे झाले असते. एकच काळा आहे, म्हणजे दोष त्या जागेचा, त्या ठिणगीचा.

आमच्या वाचकांपैकी ज्यांनी पाठचिकित्सा शिकवली असेल त्यांना इथे ओळखीचे काही दिसेल. सगळ्या हस्तलिखितांत आढळणारी चूक मूळ प्रतीकडे जाते, एकाच हस्तलिखितातली चूक त्या लेखनिकाकडे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हापासून वि. भि. कोलत्यांनी लीळाचरित्राची संपादित आवृत्ती १९७८ साली सिद्ध केली तोपर्यंत या विद्येचा पाया हाच राहिला आहे. वर्गात हे तत्त्व समजावून सांगायला आमचा एक पूर्ण तास जातो. पाटावरचे पाच प्लग ते पाच मिनिटांत सांगत होते.

पाचव्याविषयी मिस्त्रींनी मामाजींना आडपडदा न ठेवता सांगितले. तिथे रिंगा झिजल्या आहेत, तेल वर चढते. नवा प्लग एक हंगाम चालेल, मग तोही असाच होईल. मामाजी म्हणाले, “एक हंगाम पुरे आहे. मलाही अजून किती चालवायची आहे?” यावर कोणी काही बोलले नाही.

मधल्या वेळात आम्ही मनाशी एक हिशेब करत होतो. गोऱ्या कुंभाराचे चाक, सावत्या माळ्याचा मळा, नरहरी सोनाराची मूस, सेना न्हाव्याचा आरसा: आपल्या भक्तिपरंपरेत हातातले काम हीच अनुभवाची भाषा झाली. त्रिंबक नारायण आत्र्यांना १९१५ साली गावाच्या व्यवस्थेवर पुस्तक लिहायचे होते तेव्हा त्यांनी त्याला ‘गांव-गाडा’ म्हटले, आणि गाड्याचा कणा, धुरा, वंगण हे सारे त्या नावामागे उभे राहिले. मग यंत्र आले. मर्ढेकरांपासून पुढे कवितेत ते आले तेव्हा बहुतेकदा माणसाला चिरडणारे म्हणून आले, आणि ते खोटे होते असे कोण म्हणेल? गिरणीतल्या माणसाचे दुःख नारायण सुर्व्यांनी आतून लिहिले. पण यंत्र चालवणे वेगळे आणि दुरुस्त करणे वेगळे. चालवणाऱ्याला यंत्राच्या वेगाने जावे लागते. दुरुस्त करणारा यंत्राला थांबवून आपल्या वेगाने त्याच्याजवळ बसतो. पहिल्या नात्याची कविता आपल्याकडे आहे. दुसऱ्या नात्याला मराठीत अजून आपला गोरोबा मिळालेला नाही, असे आमचे मत आहे. रस्त्याकडेच्या हजारो गॅरेजांत रोज जे ज्ञान वापरले जाते त्याचे शब्द अर्धे इंग्रजी, अर्धे हिंदी आणि उरलेले झाडीबोलीतले आहेत, म्हणून आपल्याला ते भाषेबाहेरचे वाटते की काय न कळे. ‘गोटी’, ‘टॉमी’, ‘चुडी’, ‘मिसिंग’ हे शब्द कोशात शोधायला गेलो तर गोटी पोरांच्या खेळात सापडते आणि चुडी बांगड्यांच्या दुकानात.

हेडचे आटे साफ करायला मिस्त्रींनी पितळी तारांचा ब्रश घेतला. पोलादी ब्रश चालत नाही, तो आट्यांवर ओरखडे पाडतो. पितळ नरम, घाण काढते पण लोखंडाला दुखवत नाही. भंडारा शहर एके काळी पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले. त्या शहराच्या जिल्ह्यात पितळेला हे काम उरलेले पाहून गंमतही वाटली आणि थोडे वाईटही. नवे प्लग बसवताना पाना आधी वापरायचाच नाही. बोटांनी फिरवायचे, आटे आट्यांत आपोआप गेले पाहिजेत. बोटांना अडथळा लागला तर काढून पुन्हा. शेवटी पान्याने अर्धा फेरा, बस्स. ज्याने मागे आवळले होते त्याच्या नावाने मिस्त्रींनी दोन शब्द उच्चारले, ते इथे देता येत नाहीत.

वायरी लावण्याचा क्रम १-५-३-६-२-४. सहा सिलिंडर ओळीने असले तरी ठिणगी ओळीने पडत नाही. पडली तर सगळा धक्का एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाईल आणि क्रँकशाफ्टला पीळ बसेल. म्हणून एकदा पुढे, एकदा मागे अशी ती फिरते. मिस्त्री हा क्रम एका दमात, मधे तीनवर किंचित थांबून म्हणत. छंदःशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्याला आम्ही तो नंतर म्हणून दाखवला. त्यांनी लगेच यतीचे स्थान सांगितले.

राहिला सहावा. तो केबिनच्या पत्र्याला लागून, पाना सरळ उभा राहायला पुरेशी जागाही नाही. तेल दोनदा सोडून झाले होते. मिस्त्रींनी आवळून पाहिले, सोडून पाहिले, पाऊण तास गेला. तो एका केसाइतका हलला आणि मग हाताला तो नरमपणा लागला. पाना खाली ठेवून ते मामाजींकडे वळले.

“हा नाही निघत जी. निघाला त तुटूनच निघन.”

मामाजींनी विचारले, मग काय करायचे?

“काल वायर काढून पाह्यली तवा आवाज पडला होता ना? चालू हाये थो. मंग कायले छेडाचा त्याले?”

आम्ही वर्गात बसून असतो तर सहापैकी पाच हे उत्तर अपुरे म्हटले असते. मिस्त्रींनी फक्त तो प्लग परत पहिल्या जागी, जितका होता तितकाच आवळला, वरून माती पुसली, वायर बसवली. मग मामाजींना सेल्फ मारायला सांगितले. इंजिन दुसऱ्या खेपेला लागले. मिस्त्रींनी पुन्हा एकेक वायर उचलून कान दिला. सहाच्या सहा वेळा आवाज पडला.

मजुरी ठरवताना त्यांनी पाचच प्लगांची सांगितली. मामाजींनी सहाची दिली आणि त्यावर थोडा वाद झाला. संध्याकाळी कबाडीवाल्याचा फोन आला तेव्हा मामाजी म्हणाले, धान जाऊ दे, मग बघू. न वापरलेला नवा प्लग मिस्त्रींनी त्याच्या खोक्यासकट गाडीच्या पुढच्या खणात ठेवला आणि खोक्यावर पेनने ठळक ‘६’ काढला.